सायकल ट्रायल्समधील फ्रेमची भूमिती आणि सायकलची हाताळणी : एक विवेचन

सारांश

सायकल ट्रायल्स हा अत्यल्प वेगात, बहुतेक वेळा जागच्या जागी, अडथळे पार करण्याचा क्रीडाप्रकार आहे. या सायकलीच्या फ्रेमची मापे रस्त्यावरील सायकलीहून वेगळी का असतात व त्या मापांचा हाताळणीवर काय परिणाम होतो, याचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात प्राथमिक यामिकीच्या आधारे केले आहे. ट्रायल्सच्या फ्रेमची भूमिती सायकलीला स्वतःहून स्थिर ठेवण्यासाठी नसून, स्वाराचा गुरुत्वमध्य मागच्या चाकावर कमीत कमी श्रमात आणता यावा यासाठी असते आणि या सोयीची किंमत दुसऱ्या एखाद्या हालचालीत मोजावीच लागते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडामहोत्सवात सावकाश सायकल चालविण्याची स्पर्धा अनेकांनी पाहिलेली असते. या स्पर्धेत शेवटी पोहोचणारा विजयी ठरतो, अट एवढीच की पाय जमिनीला टेकता कामा नये. भरधाव सायकल चालविणारी मुलेही येथे चाचपडतात. वेग कमी झाला की सायकल ‘आपोआप’ उभी राहत नाही, तिला उभे ठेवावे लागते, हा धडा या साध्या खेळातून मिळतो. सायकल ट्रायल्स हा क्रीडाप्रकार याच तत्त्वाचा पराकोटीचा विकास आहे, असे म्हणता येईल. येथेही पाय टेकणे हाच दोष. मात्र सपाट मैदानाऐवजी खडक, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे आणि लाकडी खोकी यांवरून मार्ग काढायचा असतो.

या खेळाचा उगम स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात १९७० च्या दशकात झाला. मोटारसायकल ट्रायल्समधील नामवंत स्पर्धक पेरे पी यांनी आपला मुलगा ओत याला मोटारसायकलचे कौशल्य सायकलवर शिकविण्याचा प्रयत्न केला. इंजिनाविना ट्रायल्स, या अर्थाने या प्रकाराला तेथे ‘त्रिआलसिन’ असे नाव पडले. पुढे पेरे पी यांनी माँटी या नावाने सायकलींचे उत्पादन सुरू केले आणि ओत पी जगज्जेता झाला. आज आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यू.सी.आय.) स्पर्धांत २० इंची व २६ इंची चाकांचे दोन प्रमुख गट आहेत. स्पेनचा बेनितो रोस हा पहिल्या गटातील, तर बेल्जियमचा केनी बेले हा दुसऱ्या गटातील अनेक वेळचा विश्वविजेता म्हणून ओळखला जातो.

ट्रायल्सची सायकल प्रथम पाहणाऱ्यास ती अपुरी वाटते. तिला बसायला सीट नसते, फ्रेमची वरची नळी खाली झुकलेली असते, दात्यांचे चाक जेमतेम १८ दात्यांचे असते आणि पेडल चाकांच्या आसांपेक्षाही उंच असतात. या प्रत्येक वैशिष्ट्यामागे कारण आहे. ते समजून घेताना सायकलीच्या स्थैर्याविषयीच्या आपल्या काही रूढ कल्पनाही तपासून पाहता येतात. भौतिकशास्त्र व शारीरिक शिक्षण या दोन्ही विषयांच्या अध्यापकांना म्हणूनच हा विषय उपयुक्त वाटावा.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

पुढील विवेचनात काही संज्ञा वारंवार येतील. त्यांचे अर्थ प्रथम निश्चित करू.

व्हीलबेस : पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील आडवे अंतर.

बी.बी. : ज्या आसाभोवती दोन्ही क्रँक फिरतात तो फ्रेमच्या तळाचा आस. सायकल दुरुस्तीच्या दुकानात तो याच नावाने ओळखला जातो. स्वार उभा राहतो तेव्हा दोन्ही क्रँक आडवे ठेवतो. त्या स्थितीत पावलांवरील भार सरासरीने या आसाच्या ठिकाणी पडतो असे मानता येते.

बी.बी.चा उठाव : दोन्ही चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेपासून बी.बी. किती वर किंवा खाली आहे ते अंतर. वर असल्यास धन, खाली असल्यास ऋण.

चेनस्टे : बी.बी.पासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळ्या. त्यांची लांबी म्हणजे या दोन आसांमधील अंतर.

हेडचा कोन : हँडल ज्या नळीत फिरते त्या नळीने जमिनीशी केलेला कोन.

ट्रेल : हेडच्या नळीची रेषा खाली वाढविली असता ती जमिनीला जेथे मिळते, त्या बिंदूच्या मागे पुढच्या चाकाचा स्पर्शबिंदू किती अंतरावर आहे ते माप.

३. स्थैर्याची रूढ कल्पना आणि तिची मर्यादा

सायकल उभी का राहते, या प्रश्नाला वर्गात दोन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले, फिरत्या चाकांचा घूर्णदर्शी म्हणजे जायरोस्कोपिक परिणाम आणि दुसरे, ट्रेलमुळे पुढच्या चाकाचे आपोआप सरळ होणे. ब्रिटिश वैज्ञानिक डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात पहिल्या उत्तराला आव्हान दिले. त्यांनी सायकलीला उलट दिशेने फिरणारे जादा चाक बसवून घूर्णदर्शी परिणाम नाहीसा केला, तरीही ती सायकल चालविता आली. २०११ साली कोइमन, मायआर्ड, पापाडोपूलस, रुइना व श्वाब या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याहून पुढचे पाऊल टाकले. घूर्णदर्शी परिणाम व ट्रेल या दोहोंशिवायही दुचाकी स्वतःहून स्थिर राहू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रतिकृती करून दाखविले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्यापैकी चौघांचा २००७ सालचा शोधनिबंध अधिक महत्त्वाचा आहे. त्यात एका नमुना सायकलीचे संपूर्ण गणित मांडले आहे. या सायकलीचा व्हीलबेस १.०२ मीटर, हेडचा कोन ७२ अंश व ट्रेल ८० मि.मी. आहे आणि स्वार हात सोडून ताठ बसलेला आहे, असे गृहीत धरले आहे. अशी सायकल सेकंदाला सुमारे ४.३ ते ६.० मीटर या वेगाच्या दरम्यानच स्वतःहून स्थिर राहते. हा वेग ताशी सुमारे १५.५ ते २१.७ कि.मी. इतका होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुमारे एक मीटर व्हीलबेस आणि ७२ अंशांच्या आसपासचा हेडचा कोन ही मापे ट्रायल्सच्या सायकलीतही आढळतात. कागदावर या मापांपुरत्या दोन्ही सायकली सारख्या दिसतात. परंतु ट्रायल्सचा स्वार वर उल्लेखिलेल्या वेगाच्या आसपासही फिरकत नाही. तो बहुतांश काळ दोन्ही ब्रेक दाबून उभा असतो. न फिरणाऱ्या चाकाला घूर्णदर्शी परिणाम नसतो आणि न सरकणाऱ्या चाकाला ट्रेल सरळ करू शकत नाही. तेव्हा सायकलीला स्थिर ठेवणारी जी यंत्रणा आपण पाठ्यपुस्तकात शिकवितो, ती येथे जवळजवळ संपूर्णपणे गैरहजर असते. मग फ्रेमच्या मापांना महत्त्व कशासाठी? याचे उत्तर मागच्या चाकाभोवती शोधावे लागते.

४. मागच्या चाकावरील तोल

ट्रायल्समधील पायाभूत स्थिती म्हणजे मागचा ब्रेक दाबून, पुढचे चाक हवेत धरून, केवळ मागच्या चाकावर उभे राहणे. येथूनच स्वार उड्या मारतो, दिशा बदलतो आणि एका खडकावरून दुसऱ्यावर झेपावतो. या स्थितीत सायकल व स्वार मिळून एक उलटा लंबक बनतो. त्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागच्या टायरच्या स्पर्शक्षेत्राच्या बरोबर वर असला पाहिजे. तो पुढे जाऊ लागला तर स्वार पेडलला झटका देऊन चाक पुढे सरकवितो, मागे जाऊ लागला तर लहान उडी मारून चाक मागे घेतो.

हा तोल साधण्यासाठी किती श्रम पडतात, हे बी.बी.च्या स्थानावर अवलंबून असते. एक उदाहरण घेऊ. चेनस्टे ३८० मि.मी., स्वाराचे वस्तुमान ६५ कि.ग्रॅ., सायकलीचे ९ कि.ग्रॅ. आणि सायकल ४५ अंश वर उचललेली आहे, असे मानू. सायकलीचा स्वतःचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून फ्रेमच्या दिशेने ५०० मि.मी. अंतरावर आहे असे धरले, तर या कलत्या स्थितीत तो स्पर्शबिंदूच्या सुमारे ३५४ मि.मी. पुढे येईल. त्याची भरपाई करण्यासाठी स्वाराचा गुरुत्वमध्य स्पर्शबिंदूच्या सुमारे ४९ मि.मी. मागे असावा लागतो.

आता पावलांचे स्थान पाहू. उठाव शून्य असेल तर ४५ अंशांच्या कलात बी.बी. मागच्या आसापासून २६९ मि.मी. पुढे असेल. उठाव ८० मि.मी. असेल तर हेच अंतर २०६ मि.मी. होते. म्हणजेच स्वाराचा गुरुत्वमध्य आणि त्याची पावले यांमधील आडवे अंतर पहिल्या प्रकारात ३१८ मि.मी., तर दुसऱ्यात २५५ मि.मी. राहते. स्वाराचे वजन त्याला मागे पाडू पाहते आणि हँडल ओढून धरणारे हात त्याला विरोध करतात. हे पाडणारे बलघूर्ण पहिल्या सायकलीवर सुमारे २०३ न्यूटन-मीटर, तर दुसरीवर सुमारे १६३ न्यूटन-मीटर येते. बी.बी. केवळ ८ सें.मी. वर नेल्याने हातांवरील भार सुमारे एक-पंचमांशाने घटला. दोन मिनिटे सतत मागच्या चाकावर उड्या मारणाऱ्या स्पर्धकाच्या दंडांना व पाठीला हा फरक निश्चितच जाणवेल.

हेच वेगळ्या रीतीनेही सांगता येईल. शून्य उठावाच्या फ्रेमवर पावले २०६ मि.मी. इतकी जवळ आणायची असतील तर सायकल ४५ ऐवजी ५७ अंश उचलावी लागेल. व्हीलबेस १०८० मि.मी. असल्यास पुढचे चाक सुमारे १४ सें.मी. अधिक उंच धरावे लागेल. उंच बी.बी.च्या सायकलीवर पुढचे चाक तुलनेने खाली ठेवूनही तोल सापडतो. परिणामी पुढचा अडथळा दिसत राहतो आणि झेप घेण्यापूर्वी हात-पाय लांबविण्यास वाव उरतो.

५. चेनस्टेची मर्यादा व बी.बी.चा उठाव

पावले मागच्या चाकाजवळ आणायची असतील तर चेनस्टेच का आखूड करू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. चेनस्टे आखूड केल्याने लाभ होतोच. स्वार सपाट जमिनीवर पेडलवर सरळ उभा राहिला की त्याच्या वजनाचा जो हिस्सा पुढच्या चाकावर पडतो, तो चेनस्टेची आडवी लांबी व व्हीलबेस यांच्या गुणोत्तराइतका असतो. १०८० मि.मी. व्हीलबेस व ३८० मि.मी. चेनस्टे असल्यास हा हिस्सा सुमारे ३५ टक्के येतो. चेनस्टे माउंटन बाइकप्रमाणे ४३० मि.मी. असती तर तो सुमारे ४० टक्के झाला असता. पुढचे चाक उचलण्यासाठी स्वाराला आपला गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या वर न्यावा लागतो, म्हणजे चेनस्टे जितकी आखूड तितका हा प्रवास कमी.

परंतु या आखूडपणाला टायरच मर्यादा घालतो. जाड टायर बसविलेल्या २६ इंची मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३४० मि.मी. असते. चेनस्टे ३८० मि.मी. ठेवली तर टायर व बी.बी.चा मध्य यांत अवघे ४० मि.मी. उरतात. त्यातील निम्मी जागा बी.बी.ची नळी घेते. उरलेल्या दोन सेंटिमीटरांत टायरला मोकळे फिरण्यास वाव ठेवावा लागतो आणि सांधाही भक्कम करावा लागतो. आणखी आखूड करण्यास येथे जागाच नाही. बी.बी. वर सरकविण्यात मात्र असा अडसर येत नाही, कारण तो चाकाभोवतीच्या वर्तुळावरच वर सरकतो आणि टायरपासूनचे अंतर तेवढेच राहते. ४५ अंशांच्या कलात चेनस्टे १० मि.मी.ने आखूड केल्याचा लाभ सुमारे ७ मि.मी. आहे. उठाव १० मि.मी.ने वाढविल्यास लाभ त्याहून किंचित अधिकच मिळतो. पहिला मार्ग टायरपाशी बंद होतो, दुसरा खुला राहतो. ट्रायल्सच्या जुन्या २६ इंची फ्रेम मापांच्या दृष्टीने माउंटन बाइकच्या निकट होत्या, पुढील काळात मात्र स्पर्धेच्या फ्रेममध्ये बी.बी.चा उठाव वाढत गेला. यामागील यामिकी कारण हे आहे.

२० इंची सायकलीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे २५५ मि.मी. असते. टायरचा अडसर पाहता तिची चेनस्टे ३०० मि.मी.पर्यंत आखूड करता आली असती. प्रत्यक्षात ती ३५० मि.मी.च्या आसपास ठेवली जाते, आणि व्हीलबेस सुमारे एक मीटर असतो. या मापांवरून पुढच्या चाकावरील हिस्सा काढला तर तोही सुमारे ३५ टक्केच येतो. चाके भिन्न, फ्रेम भिन्न, तरी गुणोत्तर जवळजवळ एकच. चेनस्टे याहून फार आखूड केली तर पेडलच्या प्रत्येक झटक्यासरशी स्वार मागे उलटण्याचा धोका वाढतो. २० इंची सायकलीत उठावाला आणखी एक कारण आहे. लहान चाकामुळे तिचा आस मुळातच जमिनीच्या जवळ असतो. बी.बी. वर उचलला नाही तर खडकाच्या कडेवर फ्रेमचा तळ आपटेल.

६. उंचीची किंमत

पेडल उंच झाले की सायकल अस्थिर होते, असा एक सर्वसाधारण समज आहे. आडव्या दिशेच्या तोलापुरता तो तपासून पाहू. उलट्या लंबकाचा पडण्याचा काळ त्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तळहातावर आखूड पेन्सिल उभी करणे अवघड आणि लांब काठी उभी करणे सोपे, याचे कारण हेच. गुरुत्वमध्याची उंची १.१० मीटरवरून १.१८ मीटर झाली, तर हा कालमापक ०.३३५ सेकंदांवरून ०.३४७ सेकंदांवर जातो. फरक किरकोळ आहे आणि तोही स्वाराच्या बाजूनेच. म्हणजे उंचीचा खरा तोटा आडव्या तोलात नाही.

तो पुढच्या चाकावर आढळतो. उंचावरून उतरताना किंवा अडथळ्यावर पुढचे चाक टेकवून मागचे वर घेताना सायकल पुढे कलते. १०८० मि.मी. व्हीलबेसची सायकल पुढच्या आसाभोवती ४० अंश पुढे कलली असे समजू. शून्य उठावाच्या फ्रेमवर पावले पुढच्या आसाच्या सुमारे ५३६ मि.मी. मागे राहतात. ८० मि.मी. उठावाच्या फ्रेमवर हेच अंतर सुमारे ४९१ मि.मी. होते. मागच्या चाकावर स्वाराला साह्य करणाऱ्या उठावानेच हँडलवरून पुढे उलटण्यापूर्वीची शिल्लक साडेचार सेंटिमीटरांनी कमी केली.

हेडच्या कोनाचा विचार येथेच करणे योग्य ठरेल. ट्रेल काढण्याची रीत अशी : चाकाच्या त्रिज्येला हेडच्या कोनाच्या कोसाइनने गुणावे, त्यातून चिमट्याचा बाक, म्हणजे हेडच्या रेषेपासून पुढच्या आसाचे लंबांतर, वजा करावे आणि बाकीला त्याच कोनाच्या साइनने भागावे. त्रिज्या ३३५ मि.मी. व बाक ४० मि.मी. असेल, तर ७२ अंशांच्या कोनास ट्रेल सुमारे ६७ मि.मी. व ७४ अंशांस सुमारे ५४ मि.मी. येतो. कोन उभा होत गेला की ट्रेल घटतो, हँडल हलके फिरते आणि ते एका बाजूला लोंबून पडण्याची ओढही कमी होते. जागच्या जागी चाक वळवून उभे राहणाऱ्यास हे सोयीचे असते.

हे झाले दोन्ही चाके जमिनीवर असताना. सायकल ३० अंश पुढे कलली की ७२ अंशांचा कोन जमिनीच्या संदर्भात १०२ अंश होतो. वरील रीतीने हिशोब केला तर ट्रेल उणे ११२ मि.मी. येतो. स्पर्शबिंदू आता हँडलच्या रेषेच्या मागे नसून पुढे आहे. अशा स्थितीत चाक पुढे सरकले तर ते सरळ होण्याऐवजी वळण्याचाच प्रयत्न करील. पुढच्या चाकावरील हालचालीत कुशल स्वार ब्रेक घट्ट दाबून हँडल ताठ धरतो व ती स्थिती क्षणार्धात आटोपतो, याचे स्पष्टीकरण त्याच्या सवयीइतकेच या भूमितीतही आहे. हेडचा कोन एक-दोन अंशांनी बदलून या स्थितीत फारसे काही साधत नाही, हेही या आकड्यांवरून उघड होते.

७. हँडलचे स्थान

फ्रेमच्या मापांचा विचार हँडलपासून अलग करता येत नाही. बी.बी. वर गेला म्हणजे पावले हँडलच्या जवळ आली. हँडल होते तेथेच ठेवले तर स्वार वाकून गोळा होतो आणि त्याला शरीर लांबविता येत नाही. त्यामुळे ट्रायल्सच्या सायकलीवर हँडल धरणारी स्टेम वर तिरपी असते. १५० मि.मी. लांबीची, ३० ते ३५ अंश वर उचललेली स्टेम २६ इंची सायकलीवर नवलाची नाही.

झेप घेताना स्वार प्रथम पाय ताणून शरीर वर उचलतो, नंतर हात पुढे ढकलून हँडल दूर लोटतो आणि त्याच वेळी मागचे चाक पोटाखाली ओढून घेतो. हँडल जितके दूर, तितका हा दुसरा टप्पा लांब आणि झेप मोठी. शिवाय मागच्या चाकावर उभे असताना दूरच्या हँडलवर ओढ लावण्यासाठी तरफेची भुजाही मोठी मिळते. येथेही लाभाबरोबर तोटा आहेच. लांब पुढावा असलेली सायकल अरुंद कडेवर वळविताना अवजड वाटते आणि आखूड उंचीच्या स्वारास तिच्यावर मागे झुकण्यास हात अपुरे पडतात. तेव्हा एकाच फ्रेमची हाताळणी दोन भिन्न बांध्यांच्या स्वारांना भिन्न वाटली तर त्यात नवल नाही. दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात.

८. उद्देश बदलला की भूमिती बदलते

याचा उत्तम दाखला ‘स्ट्रीट ट्रायल्स’ या शाखेत मिळतो. स्कॉटलंडमधील स्काय बेटाचा डॅनी मॅकअस्किल याची चित्रफीत २००९ साली प्रसिद्ध झाली आणि हा प्रकार जगभर पोहोचला. या शाखेत २४ इंची चाकांच्या सायकली रूढ आहेत. येथे जागच्या उड्यांपेक्षा वेगात येऊन दोन्ही चाकांवर उडी घेणे, हवेत गिरकी घेणे आणि उंचावरून दोन्ही चाकांवर उतरणे यांना महत्त्व असते. अशा सायकलींत बी.बी.चा उठाव स्पर्धेच्या सायकलीपेक्षा कमी ठेवला जातो. स्वार सायकलीवर ‘चढलेला’ न राहता तिच्या ‘आत’ राहतो, पुढे उलटण्याची भीती घटते आणि उडीपूर्वी खाली दबण्यास गुडघ्यांना वाव मिळतो. मागच्या चाकावर दीर्घकाळ उभे राहणे मात्र अधिक श्रमाचे होते. स्पर्धेतील स्वार जो तोटा पत्करणार नाही, तो येथील स्वार आनंदाने पत्करतो, आणि याच्या उलटही खरे आहे.

यातून नवशिक्यांसाठी व्यावहारिक बोध निघतो. विश्वविजेत्याच्या सायकलीची मापे उसनी घेतल्याने कौशल्य उसने मिळत नाही. ज्याला अद्याप मागच्या चाकावर उभे राहता येत नाही, त्याला मोठ्या उठावाचा लाभ घेता येणार नाही. पुढे उलटण्याचा वाढीव धोका मात्र त्याच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून येईल. क्रीडाशिक्षकांनी साहित्याची निवड करताना हा भेद ध्यानी ठेवणे हिताचे ठरेल.

९. अध्यापनातील उपयोग

वरील हिशोबांपैकी बहुतेक पडताळून पाहण्यास ट्रायल्सची सायकल लागत नाही. कोणतीही साधी सायकल, मोजपट्टी, ओळंबा व घरगुती वजनकाटे एवढे साहित्य पुरेसे आहे. दोन्ही चाकांखाली समान उंचीवर एकेक काटा ठेवून विद्यार्थ्यास, सहकाऱ्यांनी बाजूने आधार दिलेल्या स्थितीत, सीटवर न बसता पेडलवर सरळ उभे करावे. सायकलीचे वजन वजा करून पुढच्या काट्यावरील हिस्सा काढावा आणि चेनस्टे व व्हीलबेस यांच्या गुणोत्तराशी त्याची तुलना करावी. नंतर विद्यार्थ्याने हात ताणून कंबर मागे नेल्यास पुढचा भार कसा घटतो, ते पाहावे. हेडच्या नळीला समांतर सरळ काठी लावून ट्रेलही मोजता येईल. बलघूर्ण, गुरुत्वमध्य व उलटा लंबक हे घटक फळ्यावरून मैदानावर आणण्याचा हा एक अल्पखर्ची मार्ग आहे.

१०. निष्कर्ष

(१) सायकलीचे स्वयंस्थैर्य विशिष्ट वेगाच्या मर्यादेतच आढळते. ट्रायल्स त्या मर्यादेच्या बरेच खाली घडत असल्याने तेथे तोल हे स्वाराचे काम असते आणि फ्रेमची भूमिती त्या कामाचे श्रम कमी-अधिक करते.

(२) आखूड चेनस्टे व उंच बी.बी. यांचा हेतू एकच, तो म्हणजे पावले मागच्या आसाच्या जवळ आणणे. २६ इंची सायकलीत टायर चेनस्टेला मर्यादा घालतो आणि म्हणून उठावाचा मार्ग स्वीकारला जातो.

(३) उंच बी.बी.मुळे आडवा तोल बिघडत नाही. त्याची किंमत पुढच्या चाकावरील हालचालींत मोजावी लागते.

(४) हेडचा कोन, स्टेम व हँडल यांचा परिणाम स्वतंत्रपणे सांगता येत नाही. तो बी.बी.च्या स्थानाशी व स्वाराच्या बांध्याशी निगडित असतो.

एखादी सायकल ‘चांगली हाताळते’ असे आपण म्हणतो तेव्हा ते विधान अपुरे असते. कोणत्या हालचालीत, कोणत्या स्वारासाठी आणि कशाच्या मोबदल्यात, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो. फ्रेम घडविणारा कारागीर स्वाराला कोणते काम सोपे करून द्यायचे हे जसे ठरवितो, तसेच कोणते अवघड राहू द्यायचे हेही ठरवीत असतो.